कथलाचं झाड

सपियाहच्या घरात कथलाला जिना चढायची परवानगी नव्हती. नियम तिच्या बापाचा. चांदीच्या कामाला बसणाऱ्याने कथील आणि शिसं या दोघांना पाहुणे म्हणूनसुद्धा घरात घेऊ नये, असं तो म्हणे. थंड असेपर्यंत दोघे गरीब. पण त्यांचा एक कण जरी चांदीला चिकटून राहिला आणि ती चांदी जाळावर लाल झाली, की तो कण चांदी खात खात आरपार जातो, आणि त्या भोकाला मग औषध नाही. शेजारचा कोळी गप्पा मारायला आला तरी बाप त्याला जाळं खालीच टाकून वर यायला लावी, कारण जाळ्याच्या कडेला शिशाच्या गोळ्या ओवलेल्या असत.

बाप गेला, नियम राहिला. म्हणून धाकट्या हस्माहने कथलाचे दागिने करायला घेतले तेव्हा मोकने, म्हणजे या दोघींच्या आईने, तिला घराखाली जागा दिली. घर उंच खांबांवर. वर पुढच्या ओसरीत सपियाहची चांदीकामाची बैठक, बापाच्याच जागी. खाली मागच्या दोन खांबांमध्ये, कोंबड्यांच्या खुराड्याला लागून, हस्माहची कढई.

"तुझ्या मालाला साजेशी जागा मिळाली गं मेक," धाकटीला मेक म्हणणारी सपियाह तेव्हा हसून म्हणाली होती. "पहिली गिऱ्हाइकं खुराड्यातूनच येतील."

"येऊ देत की काक," हस्माह थोरलीला म्हणाली. "अंडी तरी देऊन जातील."

त्याला आता दीड वर्ष झालं. गिऱ्हाइकं खुराड्यातून आली नाहीत, मोटारींतून आली. कोटा भारू शहराच्या बड्या घरांतल्या बायका, बँकेतल्या मुली, थेट क्वालालंपूरहून आलेल्या. चपला जिन्यापाशी काढायचीही गरज नाही, जिना चढायचाच नसे.

आणि वस्तू तरी काय? जुन्या राजांच्या काळात मलेशियाच्या या केलांतान राज्यात कथलाची नाणी चालत, पिटिस म्हणत त्यांना. पातळ, गोल, मधे भोक. ती एकेक करून ओतत नसत. साच्यात मधे एक खोड कोरलेलं, दोन्ही अंगांना फांद्या, आणि फांदीच्या टोकाला एकेक नाणं. वरून रस ओतला की खालपर्यंत झाड भरायचं. थंड झालं की फळं तोडावीत तशी नाणी मोडून घ्यायची, आणि उरलेलं खोड परत कढईत. हस्माहने एवढंच केलं, की मोडलं नाही. मऊ दगडात बारा नाण्यांचं, बोटभर लांबीचं झाड कोरलं, ओतलं, पाठीला पिन लावली आणि केबायाच्या, म्हणजे पुढून पिनांनी मिटायच्या झंपराच्या, छातीवर टोचायचे तीन ब्रोच केले, रिवाजाप्रमाणे एक मोठा, 'आई', आणि दोन लहान, 'पिल्लं'.

असं एक खरं जुनं झाड शहरातल्या संग्रहालयात काचेमागे आहे. लहानपणी बाप दोघींना घेऊन गेला होता. दोघींनी एकाच वेळी, एकाच काचेला नाक लावून ते पाहिलं होतं. सपियाहला हे आठवलं की हातातली हातोडी थांबे. मलाच का नाही सुचलं? डोळे चार होते, झाड एक होतं.

सपियाह सोमवार-गुरुवारचे रोजे धरणारी बाई. नवरा वारल्यापासून अकरा वर्षांत एकही चुकला नव्हता. पहाटेच्या नमाजेनंतर माळेचे नव्व्याण्णव मणी ओढल्याशिवाय ती कामाला हात लावत नसे. पण अलीकडे साठाव्या-सत्तराव्या मण्यापाशी खालून कुणाचा तरी आवाज येई, "हस्माह आहे का हो?" आणि सपियाहला पुन्हा पहिल्या मण्यापासून सुरुवात करावी लागे. रोजा पोटाला होता, कानांना नव्हता.

शनिवारी दातिन नोरलैला आल्या. लाकडाच्या मोठ्या व्यापाऱ्याची बायको, नवऱ्याच्या किताबामुळे 'दातिन'. धाकट्या मुलीचं लग्न तीन आठवड्यांवर आलेलं, आणि नवरीच्या कमरपट्ट्याचं चांदीचं बक्कल सपियाहकडे घडत होतं. पानाच्या आकाराचं, तळहाताहून मोठं, मधे उठावाचं फूल, भोवती तारेची वेल. चार महिने त्याच्यावर तिचे डोळे गेले होते. दातिन ते बघायला आल्या होत्या, पण गाडी मागच्या बाजूला लागली आणि त्यांचे पाय आधी खुराड्याकडे वळले.

मागच्या खोलीत जाऊन सपियाहने गुडघे टेकले आणि तिथल्या फळ्यांमधल्या फटीला डोळा लावला. दातिनबाईंच्या डोक्यावरचा रेशमी रुमाल आणि हस्माहचे दोन हात, एवढंच दिसत होतं. बाकीचं तिने मनाने भरून घेतलं.

"अगं बाई! हे काय गोड आहे! हे तूच केलंस?"

"हो, दातिन. साधं कथील आहे."

"साधंच हवं गं. सोनं काय, मांडवातल्या सगळ्या लादून येतील. माझ्या लेकीच्या छातीवर हीच तीन झाडं. दुसरं काही नाही."

मग त्या वर आल्या. बक्कल हातात घेतलं, उजेडाकडे धरलं, उलटं केलं, सुलटं केलं. "छानच हो, सपियाह. नेहमीसारखंच छान."

त्या गेल्यावर मोक सुपारी कातरता कातरता म्हणाली, "किती वाखाणून गेली बघ."

"काय वाखाणलं? नेहमीसारखं, म्हणाली."

"मग काय वाईट बोलली?"

"भात नेहमीसारखा झालाय म्हणतात, मोक. भाताला कोणी वाखाणतं का?"

मोकने तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा सुपारीकडे पाहिलं. "पोटात काही दुखतंय का तुझ्या? ओवा घे," ती म्हणाली.

मंगळवारी मोक आणि हस्माह बाजाराला गेल्या. घर रिकामं झालं आणि सपियाहचे पाय आपसूक जिना उतरले. तिने स्वतःला सांगितलं, कोंबड्यांना दाणे टाकायचेत. दाणे टाकून झाले. मग सांगितलं, नुसतं बघायचंय. मग कढईखाली जाळ केला.

तिला एवढंच सिद्ध करायचं होतं की हे पोरीबाळींचं काम आहे. कोणाला दाखवायचं नव्हतं, स्वतःलाच. कथील वितळलं, पाण्यासारखं हललं. चांदीला घाम गाळावा लागतो, आणि हे भाताची पेज होते तितक्यात तयार! तिने साच्याच्या दोन दगडी फळ्या बांधल्या आणि रस ओतला. उघडून पाहते तर नुसतं खोड, वठल्यासारखं. दगड गार होता. दुसऱ्यांदा दगड निखाऱ्यावर धरला. फांद्या आल्या, पण टोकं बोडकी. तिसऱ्या खेपेला तिचा हात विचार न करता मेणबत्तीकडे गेला. चांदीची लगड ओतताना ती साच्याला आतून मेणबत्तीची काजळी धरत असे, म्हणजे रस अडखळत नाही. तसंच केलं. या वेळी दगड उघडला तर झाड टोकापर्यंत भरून आलेलं.

ते झाड घेऊन ती वर गेली. जिना चढताना बापाची आठवण झाली नाही असं नाही. झाली, पण उजेड वर चांगला होता. एका फांदीला कंगोरा राहिला होता, तो तिच्या डोळ्याला सहन होईना. तीस वर्षांची सवय. हात आपल्याच कानशीवर पडला. चार वेळा घासलं, झाड छातीशी धरून छोट्या आरशात पाहिलं. शोभत होतं. तेच वाईट होतं, की शोभत होतं.

फाटकाचा आवाज आला तशी ती धावत खाली गेली, झाड कढईत टाकलं, दगडावरची काजळी पुसली, वर येऊन बैठक झटकली. मोक पिशव्या घेऊन जिना चढली तेव्हा ती माळ ओढत बसली होती.

बुधवारी सकाळी हस्माह वर आली. "काक, बघ ना एकदा. दातिनच्या मुलीसाठीचा मोठा ब्रोच, 'आई'. पिन सरळ बसलीय का?" आणि बोलता बोलता तिने तो ब्रोच बहिणीच्या बैठकीवर, बक्कलाशेजारी ठेवला.

"उचल तो!" मोक आतून ओरडली.

"उचलला, उचलला." हस्माहने जीभ चावली. "चुकून झालं, मोक."

दुपारी सपियाहने वेलीची शेवटची तार बसवायला घेतली. टोकं कानशीने साफ केली, टाकणखार लावला, सांध्यावर डाक ठेवला आणि फुंकणी तोंडाला लावली. चांदी आधी पांढुरकी, मग गुलाबी, मग लाल झाली. डाक वितळून पळायची वेळ आली, आणि पळालं ते दुसरंच काहीतरी. वेलीच्या काठाला एक राखाडी ठिपका दिसला. तो पसरला, खाली बसला आणि दिसेनासा झाला. त्याच्या जागी पलीकडचा निखारा दिसू लागला. मग दुसरा. तिसरा. तिने फुंकणी टाकली तोवर पाच भोकं पडली होती, त्यातलं एक फुलाच्या बरोबर मधोमध.

फुंकणी पडल्याचा आवाज ऐकून मोक आली, तिने वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"कथील! कथलाने खाल्लं! किती वेळा सांगितलं होतं तुझ्या बापाने! हस्माह! ए हस्माह, वर ये, बघ काय करून ठेवलंस!"

हस्माह आली. भोकं पाहून तिचा चेहरा पिठासारखा झाला. "मीच ठेवला होता इथे," ती म्हणाली. "काक, मीच. सकाळी. क्षणभरच गं..."

"क्षणभर पुरतं," मोक म्हणाली. "चार महिन्यांचं काम! आता बास. या घरात वर नाही, खाली नाही, कुठेच कथील नको. आजच्या आज काढ ते सगळं."

"मोक, पण दातिनचे ब्रोच..."

"तिला सांग दुसरीकडे बघ. बाजारात बाटिकच्या दुकानात बाई पाहिजेच आहे. कापड विक. कापड कुणाला खात नाही."

सपियाह गप्प होती. दोघींना वाटलं, दुःखाने. ती सामान आवरत होती. कानस उचलली तेव्हा उजेडात तिला दातांच्या बेचक्यात काहीतरी करडं, मेणासारखं दिसलं. चांदीचा कीस असा नसतो. तो पांढरा, कोरडा, झटकला की पडतो. हे झटकून पडत नव्हतं. आणि सकाळचा ब्रोच या कानशीच्या जवळही आला नव्हता.

तिला सगळं एका क्षणात कळलं. तिने कानस फडक्यात गुंडाळली आणि कमरेला खोचली.

सांगायला काय लागतं? तोंड तर उघडायचं. पण खाली कढई विझत होती, मोटारी आता येणार नव्हत्या, आणि तिच्या आत कुठेतरी, चार महिन्यांच्या कामाच्या राखेखाली, काहीतरी उबदार होतं. तिने त्याला नाव दिलं नाही. पण ते तिथे होतं, आणि त्या उबेत ती बुधवारी संध्याकाळभर बसून राहिली.

गुरुवार उजाडला. सपियाहचा रोजा. ती माळ घेऊन बसली आणि मणी सरळ नव्व्याण्णवपर्यंत गेले. खाली कुणी नव्हतं. इतके दिवस हवी असलेली शांतता मिळाली, तर तिच्यात शेवटच्या मण्याचा आवाज केवढा तरी मोठा वाटला.

दिवसभर हस्माह खाली आवराआवर करत होती. भंगारवाला कढई घेऊन गेला. साच्याचा दगड मोकने बुडूच्या माठात आंबणारी मासळी दाबायला ठेवून दिला. म्हणाली, वजनाला बरा आहे. फटीतून सपियाहला फक्त हस्माहचे हात दिसत होते. रिकामे हात कसे दिसतात ते तिने पहिल्यांदाच पाहिलं.

सूर्य कलल्यावर जिना वाजला. हस्माह न्हाऊन आली होती. केस ओले, अंगावर दुसरे कपडे. एक कणसुद्धा यायला नको म्हणून. तिने बहिणीसमोर गुडघे मोडून बसत रुमाल उघडला. आत बापाने घडवलेले तिच्या लहानपणचे पैंजण होते. दोघींना बापाने एकेक जोड केला होता. सपियाहने आपला नवऱ्याच्या आजारपणात मोडला होता.

"हे वितळव, काक. बक्कलाला कमी पडणार नाही. अजून दोन आठवडे आहेत. मी तार ओढून देईन, घासून देईन, सांगशील ते करीन."

सपियाहने एक पैंजण उचलला आणि परत ठेवला.

"आणि आज मीपण रोजा धरलाय," हस्माह खालच्या आवाजात म्हणाली. "तुझ्यासाठी."

इथे सपियाहच्या आत जे पेटलं, तसं या दीड वर्षात कधी पेटलं नव्हतं. मोटारी घे, दातिन घे, छातीवरची झाडं घे. पण गुरुवार माझा! रोजा माझा, सोसणं माझं, मोठेपणा माझा. आणि ही धाकटी, रमजान सोडला तर कधी उपाशी न राहणारी, एका दिवसात येऊन तोही घेऊन जाणार? माझ्याच पापावर उभी राहून चांगली होणार?

"उचल ते," ती म्हणाली.

"काक, रागावू नकोस ना..."

"उचल म्हणते ना! तू काही केलेलं नाहीस." तिने कमरेचं फडकं सोडलं आणि कानस दोघींच्या मधे टाकली. "हिच्या दातात बघ."

हस्माहने कानस उजेडाकडे धरली. कथील तिला ओळखायला वेळ लागला नाही. पण अर्थ लागायला वेळ लागला. "हे तुझ्या कानशीत कुठून?"

"मंगळवारी. तुम्ही बाजारात होतात. मी खाली गेले, तुझ्या दगडात ओतलं आणि इथे आणून घासलं." आवाज पश्चात्तापाचा नव्हता, भांडणाचा होता. "मला बघायचं होतं, त्यात एवढं काय आहे."

दारात मोक उभी होती. कधी आली कुणाला कळलं नव्हतं. तिच्या हातात खजुराची ताटली होती.

"कालपासून माहीत होतं तुला?" हस्माहने विचारलं.

"काल दुपारपासून."

"आणि तू माझी कढई जाऊ दिलीस?"

सपियाहने फडक्याची घडी घातली.

"भंगारवाल्याला! वीस रिंगिटला!" हस्माहचा आवाज चढला. "मी इथे डोकं धुऊन, उपाशी, तुझ्या पाया पडायला..." तिला शब्द पुरेनात. "काक, तू... तू माझ्यावर जळतेस?"

"दीड वर्ष," सपियाह म्हणाली. एकदा निघाल्यावर ते सोपं होतं.

हस्माहने कानस खाली ठेवली. मग तिने विचारलं ते सपियाहला अपेक्षित नव्हतं. "आलं होतं? झाड?"

"आलं. तिसऱ्या वेळी."

"कितपत?"

"कितपत म्हणजे? भरून. बाराही नाणी."

"बाराही? वरची दोन पण?"

"बारा म्हणजे बारा."

हस्माहची नजर खाली गेली, मग खुराड्याच्या दिशेला, मग पुन्हा बहिणीच्या हातांकडे. "माझी वरची दोन कधीच भरत नाहीत," ती हळूच म्हणाली. "एकदासुद्धा नाही. ती देठं मी मोडून टाकते. लोकांना वाटतं, घडणच तशी आहे." तिने ओठ घट्ट मिटले. "आणि तू तिसऱ्या वेळी."

सपियाहने तो चेहरा पाहिला. गालांच्या आतून ओढलेला, डोळे बारीक झालेले. आरशात तिने तो कितीदा पाहिला होता. तिला गोड वाटलं. खोटं कशाला बोला, फार गोड वाटलं. दिवसभराच्या उपासानंतर जिभेवर पहिला खजूर यावा तसं.

नदीपलीकडच्या मशिदीतून अजान सुरू झाली. मोक पुढे आली आणि ताटली दोघींच्या मधे आदळली. "आधी पाणी प्या," ती म्हणाली. "मग एकमेकींना खा."

दोघींनी दुआ म्हटली. दोघी पाणी प्यायल्या. खजूर चावताना कुणी कुणाकडे पाहिलं नाही. सपियाहने बी ताटलीत ठेवली. न सांगितलं तर कधी कुणाला कळणार नव्हतं. ते एक तिचं राहिलं असतं.

"मेणबत्ती," ती म्हणाली. दात उपटल्यासारखा शब्द बाहेर आला.

"काय?"

"दगड तापवून झाला की आतून मेणबत्तीची काजळी धर. काळा कुट्ट होऊ दे. मग ओत."

"एवढंच?"

"एवढंच."

"दीड वर्षात हे एवढंच सांगता आलं नाही तुला?"

"तू विचारलंस?"

"तू एकदा तरी खाली आलीस?"

"आले की मंगळवारी."

मोकच्या तोंडातून हसू सुटलं आणि तिने ते ओढणीआड खोकल्यासारखं केलं. हस्माह हसली नाही. तिने रुमालाची टोकं एकत्र घेतली, पैंजण आत गुंडाळले आणि गाठ मारली, पक्की.

"हे मी परत नेते," ती म्हणाली. "चूक तुझी, चांदी तुझी."

"ने," सपियाह म्हणाली. "माझी पानाची डबी आहे, ती वितळवते."

"आणि उद्या सकाळी भंगारवाल्याकडे तूच जायचंस. कढई आणायला. डोक्यावर घेऊन ये, मला काय. शुक्रवार आहे, सगळा गाव बघेल."

"आणीन."

"आणि दातिनला फोनही तूच करायचास."

"करते म्हटलं ना!"

हस्माह रुमाल काखेत मारून जिना उतरून गेली, पायऱ्या मुद्दाम आपटत. राग खरा होता, पुरेपूर होता, आणि लवकर जाणारा नव्हता. सपियाह ओसरीत बसून तो आवाज ऐकत होती. एक-एक पायरी. कित्येक महिन्यांत तिला एवढं हलकं वाटलं नव्हतं. मग तिने दुसरा खजूर उचलला आणि मगरिबच्या नमाजेसाठी हातपाय धुवायला उठली.